तीनशे लिटर

११ जानेवारी

बोट सापडली. दादा नाही.

१२ जानेवारी

काल एवढंच लिहून पेन खाली ठेवलं. आज लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

शनिवारी सकाळी दादा आमच्या यार्डात बांधलेली नवी बोट चाचणीला घेऊन गेला. बरोबर मिस्त्रीकाका. इंजिनं त्यांनी बसवलेली, म्हणून पहिल्या लांबच्या फेरीला ते असतातच. बाहेरच्या दीपस्तंभापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. दुपारच्या जेवणाला घरी. दुपारी धुकं उतरलं. असलं धुकं की ऑफिसच्या खिडकीतून समोरचा धक्का दिसेना. आम्ही धक्क्यावर उभे, कान लावून. कुठलंही इंजिन वाजलं की यार्डाचे मालक म्हणायचे, "हेच. हेच आहे." नव्हतं.

रविवारी सकाळी मासेमारीच्या होडीवाल्यांना बोट दिसली. नुसती वाहत चाललेली. इंजिनं बंद, टाकी कोरडी ठणठणीत. काका तळाशी मुटकुळं करून पडलेले. जिवंत, पण दातखीळ बसलेली.

घरात आता आम्ही दोघी. वहिनी आणि मी. दादा समुद्रावरून आला की आधी गरम पाण्यानं अंघोळ, मग बाकीचं जग. वहिनीनं शनिवारी दुपारी गीझर लावला तो अजून चालू आहे. लाल दिवा दिसतो. बंद कर म्हणायची माझी हिंमत नाही.

१३ जानेवारी

काका बोलले. दवाखान्यात, चौकशीच्या साहेबांसमोर. वहिनी आणि मी दाराशी उभ्या.

"लाटेवरून बोट उडाली. तो बाहेर फेकला गेला. लगेच गेला. एक हाक नाही, काही नाही. मी फिरवली, थोडं शोधलं... तेवढ्यात तेल संपलं. टाकीत होतंच कमी."

वायरलेस दादाच्या जाकिटाला अडकवलेला. तोही त्याच्याबरोबर गेला. फोन तिथे लागत नाही. बोट इतकी नवी की कुठून कुठे गेली ते नोंदवणारं यंत्र पुढच्या आठवड्यात बसायचं होतं.

रिक्षात वहिनी एकच विचारत राहिली. "लगेच म्हणाले ना काका? वन्सं, लगेच म्हणाले ना?"

हो म्हटलं. लगेच म्हणाले.

लग्नात थट्टेनं 'वन्सं' म्हणायला लागली ती, ते तसंच राहिलं. आज पहिल्यांदा त्यात थट्टा नव्हती.

घरी आल्यावर तिनं दोन घास खाल्ले. गीझरही बंद केला.

१४ जानेवारी

शोध चालू. हेलिकॉप्टर दोनदा घरावरून गेलं. वहिनी गच्चीतून खाली येत नाही.

१५ जानेवारी

"टाकीत होतंच कमी."

हे वाक्य कुसळासारखं रुतलंय. कारण टाकी भरताना मी तिथे होते! बोट किती डिझेल पिणार याचा अंदाज बांधायचा हेच माझं यार्डातलं काम. इंजिनाची ताकद, बोटीचं वजन, माणसं किती, लाटा केवढ्या, वेग काय. यावरून ताशी किती लिटर जाणार, मैलाला किती. अंदाज कागदावर, आणि मग चाचणीत खरंखोटं. म्हणून भरताना मी स्वतः उभी असते. सहाशे लिटर. गळ्यापर्यंत. वरून फेस आला तेव्हा दादानं नळी काढली आणि म्हणाला, "किती पिणार गं ही बया?" सगळ्या बोटींना तो बयाच म्हणायचा. मी म्हटलं, जपून चालवलीस तर चारशेत आणशील परत. तो म्हणाला, "जपून चालवायला काय मी बैलगाडी हाकतोय?"

हे शेवटचं बोलणं. याहून शहाणं काही सुचायला हवं होतं आम्हा दोघांना.

१६ जानेवारी

मालकांनी बोलावलं. चौकशीला माझा अंदाज लेखी हवाय. टाकीत किती होतं, किती जायला हवं होतं, किती गेलं.

मालक खिडकीकडे बघून बोलत होते. तरुणपणी स्वतः शर्यतीच्या बोटी चालवलेला माणूस, पण आज आवाज बसलेला. म्हणाले, "बोट वाईट ठरली तर दोनशे माणसांचं काम जाईल. काका म्हणतात तेल कमी होतं. म्हणजे ड्रायव्हरनं बघितलं नाही. दुःख आहे, पण तसं होतं. होतं कधीकधी."

मी म्हटलं, भरताना मी होते.

"पंपाचं मीटर बिघडलेलं असेल."

फेस वर आला होता, मालक.

ते उठून खिडकीपाशी गेले. मीही उठले.

दादा टाकी न बघता समुद्रात गेला — हे त्याच्या नावापुढे लागणार. कायमचं.

१८ जानेवारी

आज शांतपणे मांडून बघितलं.

आमच्याकडे टाकीचे तीन भाग धरतात. एक जाण्याचा, एक येण्याचा, एक समुद्रासाठी. तिसऱ्या भागाला हात लावायचा नाही. दादा याबाबतीत कर्मठ. सहाशेतले दोनशे जाताना गेले. काका म्हणतात, परतीच्या अर्ध्या वाटेवर पडला. म्हणजे आणखी शंभर. बोट सापडलीही त्याच भागात. प्रवाहानं नेली तेवढीच पुढे.

म्हणजे तो पडला तेव्हा टाकीत तीनशे लिटर होतं. आणि सकाळी थेंब नव्हता.

गळती? काल बोट बघून आले. टाकी, नळ्या, जोड सगळं कोरडं, स्वच्छ. काकांच्या हातचं काम ते. गळतंय कसलं!

तीनशे लिटर गेलं कुठे?

२० जानेवारी

शोध थांबवला. साहेब स्वतः घरी सांगायला आले, टोपी हातात घेऊन. वहिनीनं त्यांना पाणी दिलं. "तुम्हीही दमला असाल," म्हणाली.

२१ जानेवारी

घराला आवाज फुटलेत. फ्रिज सुरू झाला की मला दूरवर इंजिन वाजतंय असं वाटतं आणि मी मोजायला लागते. किती फेरे, किती वेग. सवय! जिन्यात पाऊल वाजतं, मध्येच थांबतं. तो तसाच थांबायचा, चावी शोधायला. मी दार उघडते. जिना रिकामा.

मला वाटत होतं माझ्याच डोक्यात आहे. आज वहिनी मिक्सर चालवत होती. चालवता चालवता एकदम बंद केला आणि दाराकडे बघून म्हणाली, "आले, आले!"

मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिनं मिक्सर परत चालू केला. भांड्यात काहीच नव्हतं.

२३ जानेवारी

जुळी बोट आहे यार्डात. तोच साचा, तीच इंजिनं. मालकांना म्हटलं, मला ती बाहेर न्यायची आहे. नळीवर मीटर लावून, वेगवेगळ्या वेगात. वाटलं नाही म्हणतील. म्हणाले, "मीच चालवतो."

सकाळची वेळ, समुद्र शांत, ऊन. असल्या दिवशी काही वाईट घडू शकतं असं वाटतच नाही.

वेगवान बोट तीन तऱ्हांनी चालते. हळू चालवली की ती पाण्यातून जाते, घोटघोट पिते. ताशी दहा लिटरसुद्धा नाही. जोरात चालवली की पोट उचलते आणि पाण्याच्या पाठीवरून सरकते. पिते भरपूर, पण मैलही तोडते. या दोन्हींच्या मधली अवस्था सगळ्यात वाईट. नाक आभाळाकडे, शेपूट पाण्यात खोल, समोर पाण्याचा डोंगर ढकलत बसते. ढोसते नुसती, आणि पोचत कुठेच नाही. दादा याला 'नवरदेवाची चाल' म्हणायचा. खर्च अफाट, पुढे सरकणं शून्य! कुठलाही ड्रायव्हर ही अवस्था दातओठ खाऊन पार करतो. एक तर खाली ये, नाही तर वर चढ. मध्ये राहत नाही कोणी.

हळू चाल मोजली. जोरात मोजली. मग मालकांना म्हटलं, आता मधली.

"मधली कशाला? मधे कोण चालवतं?"

चालवा ना.

नाक वर गेलं. समोरचं सगळं नाहीसं झालं. पाणी नाही, क्षितिज नाही, नुसतं आभाळ. मीटरचा आकडा चढला. साठ. सत्तर. सत्तरवर थांबला. मी तो आकडा बघत राहिले. तीनशे भागिले सत्तर.

म्हटलं, गोल फिरवा. मालकांनी फिरवली. एक फेरा, दुसरा. मग मी म्हटलं, बंद करा.

इंजिनं थांबली. बोट बसली. आणि जी शांतता पसरली! पाणी बोटीला चापट्या मारत होतं. बाकी काही नाही. त्या शांततेत मी कान देऊन उभी होते. शेजारी मालकही तसेच. कशासाठी, ते दोघांनाही कळत होतं.

मग मालकांनी हुंदका गिळला. नीट ऐकू आलं मला.

परत येताना म्हणाले, "जे खरं निघेल ते लिही. बोटीचं काय व्हायचं ते होऊ दे."

२४ जानेवारी

चाकावर दादा नव्हता. कारण दादानं मधली चाल चालवलीच नसती. ज्याला बोट चालवता येत नाही, ज्याला हळू जाणं असह्य होतंय आणि जोरात जायची भीती वाटतेय, जागा चुकेल म्हणून — तोच मध्ये राहतो. आणि एकदोन फेऱ्यांत तीनशे लिटर जात नाही. चार तास लागतात. मध्ये बंद करत करत गेला असेल तर त्याहून जास्त.

काकांनी थोडं शोधलं नाही. काका अंधार पडेपर्यंत फिरत होते.

जो माणूस "लगेच गेला", त्याला चार तास कोण शोधतं?

२५ जानेवारी

काकांकडे गेले. घरी सोडलंय त्यांना. खुर्चीत बसले होते, पायावर घोंगडं. एवढे मोठे हात, मांडीवर ठेवलेले, विसरल्यासारखे.

मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, काका, तुम्ही नाक वर ठेवून चालवलीत. चार तास.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला कुठं येते पोरी चालवायला? मला फक्त चालू करायला येते."

मग सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. जसं आठवतं तसं लिहिते.

दादा फेकला गेला तेव्हा मनगटाला बांधलेली, इंजिनाच्या खटक्यात अडकवलेली दोरी निसटून त्याच्याबरोबर गेली, त्यामुळे इंजिनं आपोआप बंद. तशीच योजना असते. बोट मात्र वेगात होती, बरीच पुढे घसरत गेली. काकांनी वायरी जोडून इंजिन चालू केलं, तोवर धुक्यात मागचं काही दिसेना.

"पण ऐकू येत होता."

काय ऐकू येत होतं काका?

"तो. वायरलेस पाण्यावर आपटताना तुटून गेला असणार, पण तरंगायचं जाकीट होतं ना अंगात, बुडतोय कसला! ओरडत होता. इंजिन बंद केलं की ऐकू यायचा. मी म्हणायचो इकडे आहे. चालू करायचो, जायचो. इंजिनाच्या आवाजात काही नाही. परत बंद करायचो, तर आवाज भलत्याच बाजूनं. धुकं फसवतं पोरी. डावीकडचं उजवीकडे ऐकू येतं. समोर बघावं तर बोटीचं नाक. किती वेळा बंद केलं, किती वेळा चालू केलं... एकदा तर इतका जवळ वाटला, मी दोर फेकला. पाण्यात पडला नुसता."

मग?

"मग तेल संपलं. आता इंजिनाचा आवाज नाहीच. तेव्हा सगळ्यात स्पष्ट ऐकू आला."

मी त्यांचा हात धरला. गार होता. स्वयंपाकघरात कोणीतरी भांडी घासत होतं, ते आवाज येत राहिले.

"अंधार पडल्यावर थांबला," काका म्हणाले.

निघताना त्यांनी माझा हात सोडला नाही. "वहिनीला सांगू नकोस. लगेच गेला, एवढंच राहू दे तिच्याकडे. तेल कमी होतं म्हण. मला शिव्या पडू देत, त्याला पडू देत. तो काय आता ऐकणार आहे?"

२६ जानेवारी

वहिनीनं विचारलं, काका कसे आहेत?

बरे आहेत म्हटलं.

२८ जानेवारी

लिहिते आणि फाडते.

तीनशे लिटर कमी होतं असं लिहिलं तर दादा बेफिकीर ठरतो. ज्या माणसानं तिसऱ्या भागाला कधी हात लावला नाही, तो! यार्डातली सगळी पोरं हेच शिकणार त्याच्याबद्दल. खरं लिहिलं, तर वहिनीच्या हातातला तो एक शब्द मी काढून घेते. लगेच. त्या शब्दावर ती जेवते, झोपते, केस विंचरते. काल तर टीव्हीवर कशाला तरी हसलीसुद्धा. हसली आणि तोंडावर हात ठेवला.

दादा, तू असतास तर म्हणाला असतास, आकड्याला आकडा म्हण आणि झोप. तुझं काय जातं!

फ्रिज चालू झाला आत्ता. बंद होईपर्यंत मला काही लिहिता येणार नाही. बंद झाल्यावर तर नाहीच.

३० जानेवारी

चौकशी झाली. लांबट खोली, ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या. साहेब टेबलापाशी, मालक एका बाजूला. काका आले नाहीत. वहिनी येणार नाही म्हणाली होती. मी वाचायला उभी राहिले आणि मागे बघितलं तर शेवटच्या रांगेत बसलेली! निळी साडी, पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

माझ्या हातात खरा कागद होता. दुसरा मी केलाच नाही. ठरवून नाही, हात वळला नाही.

सहाशे भरलं. मी स्वतः पाहिलं. पडण्याच्या वेळी तीनशे शिल्लक. ड्रायव्हरची चूक नाही. टाकीची नाही, नळ्यांची नाही.

साहेब म्हणाले, "मग ते तीनशे लिटर कुठे गेलं?"

खोकल्यासारखं केलं मी. मग म्हटलं, शोधण्यात गेलं.

"किती वेळात?"

इथे थांबता आलं असतं. सांगता येणार नाही म्हणता आलं असतं. मालक माझ्याकडे बघत होते, त्यांच्या डोळ्यांत तेच होतं. पण आकडा तोंडातून बाहेर पडून गेला होता. चार तास. थोडं जास्तच.

साहेबांनी लिहून घेतलं. खोलीत कोणाला काही वेगळं वाटलं नाही. काकांनी खूप प्रयत्न केला असंच सगळ्यांना वाटलं, आणि ते खरंही आहे.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी बाहेर गेली होती. अंदाज बांधायला शिकायला लागत नाही. घरात वाट बघणारी बाई रोज तेच करते.

३१ जानेवारी

बोलत नाही. रागानं नाही. स्वयंपाक करते, मला वाढते, पलीकडे बघते. मिक्सर लावत नाही. पंखासुद्धा बंद करून टाकलाय. पूर्ण शांततेत बसते, कान देऊन.

मी तिला हे दिलं.

२ फेब्रुवारी

संध्याकाळी तिच्या खोलीच्या दाराशी गेले. म्हटलं, वहिनी, चुकले असेन तर...

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

काकांकडे गेले त्या दिवसापासून.

"आणि एकट्या वागवत होता?"

मग तिनं जागा केली पलंगावर. मी बसले. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक मारत होता, थांबत होता, परत मारत होता.

४ फेब्रुवारी

वहिनी आज एकटीच काकांकडे जाऊन आली. चपलाही न काढता माझ्या दारात उभी राहिली. मला जे विचारायचा धीर झाला नव्हता, ते तिनं विचारलं होतं. तो ओरडून काय म्हणत होता?

'वाचवा' नाही. एकदाही नाही.

"काका, तेल संपेल! मला सोडा, घरी जा!"